बाहुबळ आणि धर्म: रामायण-महाभारतातल्या योद्ध्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी दर शनिवारी संध्याकाळी महाभारत वाचून दाखवते. मधूनमधून आम्ही वाल्मीकींचं रामायणही काढतो. ऐकायला निवृत्त मंडळी असतात, कॉलेजची मुलं असतात, आणि जवळच्या तालमीतले दोन-तीन पैलवान न चुकता येतात. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, पण विचारणारा प्रत्येक जण मनापासून विचारतो. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. महाभारताबद्दल जिथे पाठभेदाचा मुद्दा येतो, तिथे मी पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सित आवृत्ती प्रमाण मानते. 1919 साली सुरू झालेलं ते काम 1966 साली पुरं झालं. साडेबाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहून तो पाठ ठरवलेला आहे.

ताकद मोठी की धर्म? महाभारत एका वाक्यात काय सांगतं?

एका वाक्यात सांगत नाही. उद्योगपर्वात झोप उडालेल्या धृतराष्ट्राला विदुर रात्रभर समजावतो, त्यात तो बळाचे पाच प्रकार मोजून दाखवतो. मनगटातलं बळ सगळ्यांत खालचं. त्याच्या वर चांगला अमात्य लाभणं, त्याच्या वर धन, त्याच्या वर वाडवडिलांकडून आलेलं कुळाचं बळ, आणि सगळ्यांच्या वर प्रज्ञा.

तेवढंच वाचून पुस्तक मिटलं तर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण पुढे शांतिपर्वात, आपद्धर्म म्हणजे संकटकाळचा धर्म सांगताना, शरशय्येवरचे भीष्म युधिष्ठिराला म्हणतात, ‘बले प्रतिष्ठितो धर्मः’. धूर जसा वाऱ्यामागे जातो तसा धर्म बळामागे जातो, आणि वेल झाडाला धरून असते तसा तो बळाला धरून असतो. दोन्ही वचनं एकाच ग्रंथात आहेत आणि दोन्ही जाणत्या माणसांच्या तोंडी आहेत.

माझं वाचन असं आहे: या कथांमध्ये बलवानाची परीक्षा दोन जागी होते. हात उचलायला हवा होता तेव्हा त्याने उचलला का, आणि आवरायला हवा होता तेव्हा आवरला का? पुढची उत्तरं या दोन जागांभोवतीच फिरतील.

‘धर्म’ म्हणजे आपण ज्याला नीती म्हणतो तेच का?

पूर्ण नाही. क्षत्रियाचा धर्म, राजाचा धर्म, भावाचा धर्म, दिलेल्या शब्दाचा धर्म असे कितीतरी धर्म एकाच माणसाच्या गळ्यात असतात, आणि पेच पडतो तो त्यांच्यात आपापसांत. सगळेच जण ‘धर्म सूक्ष्म आहे’ म्हणतात त्याचं कारण हेच आहे. कधीकधी मात्र ते वाक्य पळवाट म्हणूनही वापरलं जातं. भीष्मांचं उदाहरण पुढे येईल.

गदायुद्धात भीमाने मांडीवर गदा मारली. हा अधर्म नव्हता का?

होता. व्यासांनी हे कुठेही लपवलेलं नाही.

प्रसंग नीट पाहा. अठराव्या दिवशी दुर्योधन डोहात लपलेला सापडतो. युधिष्ठिर त्याला म्हणतो, आमच्यापैकी कोणाही एकाशी लढ, जिंकलास तर राज्य तुझं. कृष्ण चिडतो, कारण हा पुन्हा एक जुगारच झाला. दुर्योधन तेरा वर्षं लोखंडाच्या पुतळ्यावर गदेचा सराव करत होता आणि तो पुतळा भीमाचा होता.

झुंज सुरू होते. दोघेही बलरामाचे शिष्य, आणि बलराम स्वतः पाहायला बसलेला. अर्जुन कृष्णाला विचारतो, या दोघांत सरस कोण? कृष्णाचं उत्तर अगदी नेमकं आहे: शिकवण दोघांची सारखी, ताकद भीमाची जास्त, मेहनत दुर्योधनाची जास्त. आणि पुढे: ‘भीमसेनस्तु धर्मेण युध्यमानो न जेष्यति।’ भीम धर्माने लढला तर जिंकणार नाही. अर्जुन काही बोलत नाही. भीमाचं लक्ष आपल्याकडे आहेसं पाहून तो स्वतःच्या मांडीवर हात मारतो.

हा भाग वाचला त्या संध्याकाळी तालमीतला एक मुलगा एकदम म्हणाला, ‘बाई, हा तर शड्डू!’ मी इतकी वर्षं वाचत होते, पण मला ते असं दिसलं नव्हतं. मांडीवर थाप मारणं म्हणजे आव्हान देणं. मग आम्ही मागे जाऊन पाहिलं. द्यूतसभेत दुर्योधन द्रौपदीला डावी मांडी उघडी करून दाखवतो, आणि भीम ती फोडायची प्रतिज्ञा करतो. वनपर्वात मैत्रेय ऋषी समजावायला येतात, तेव्हा दुर्योधन ऐकून न ऐकल्यासारखं करत मांडीवर थाप मारतो, आणि ऋषी शाप देतात की हीच मांडी भीमाच्या गदेने फुटेल. तिसरी थाप अर्जुनाची. ताकदीच्या मस्तीचा जो इशारा, तोच शेवटी नियम मोडायचा इशारा झाला.

गदा मांडीवर बसल्यावर बलराम नांगर उचलून भीमावर धावतो. ‘अधो नाभ्या न हन्तव्यम्’, नाभीच्या खाली मारायचं नाही, हे शास्त्र आहे असं तो ओरडून सांगतो. कृष्ण त्याला मिठी मारून थोपवतो, प्रतिज्ञेची आणि शापाची आठवण देतो. बलरामाला ते पटत नाही. भीमाला जग कपटाने लढणारा म्हणून ओळखेल आणि दुर्योधनाला सरळ लढणारा म्हणून, असं बोलून तो द्वारकेला निघून जातो.

त्यानंतर जे घडतं ते वाचताना आमच्याकडे दर वेळी शांतता पसरते. मांड्या मोडून पडलेला दुर्योधन म्हणतो, मी अध्ययन केलं, दानं दिली, पृथ्वीचं राज्य केलं, शत्रूंच्या माथ्यावर राहिलो. ‘को नु स्वन्ततरो मया’, माझ्यापेक्षा चांगला शेवट कोणाचा? आणि आकाशातून फुलं पडतात, ती त्याच्यावर. पांडव खाली मान घालतात. कृष्णही तेव्हा सारवासारव करत नाही. हे महारथी सरळ लढाईत तुम्हाला कधीच आटोपले नसते, असं तो त्यांना स्पष्ट सांगतो.

भीमाने त्याआधी पडलेल्या दुर्योधनाच्या डोक्यावर डावा पाय ठेवलेला असतो. युधिष्ठिर त्याला थांबवतो: हा राजा आहे, आपला भाऊबंद आहे, पाय लावू नकोस. मांडी फोडण्यामागे निदान प्रतिज्ञा होती. डोक्यावरच्या पायामागे काहीच नव्हतं. माझ्या मते हात आवरायची जागा भीमाने चुकवली ती इथे.

गांधारीने डोळ्यांची पट्टी सोडून दुर्योधनाचं शरीर वज्राचं केलं, मांड्या तेवढ्या राहिल्या. मग ती जागा कमकुवत होती म्हणूनच मारली ना?

ही गोष्ट लोकप्रिय आहे, टीव्हीमुळे घरोघरी पोचली. चिकित्सित आवृत्तीत ती नाही. तिथे दुसरीच कथा आहे. घोषयात्रेत (गाईगुरं पाहायच्या फेरीत) गंधर्वांनी पकडल्यावर पांडवांनी सोडवलं, या लाजेने दुर्योधन वनपर्वात प्राण सोडायला बसतो. तेव्हा दानव त्याला पाताळात नेऊन सांगतात की तुझं कमरेवरचं अंग शिवाने वज्राचं घडवलं आहे आणि खालचं देवीने फुलांचं.

गांधारीच्या नजरेचा प्रसंग युद्ध संपल्यावर येतो. पट्टीच्या कडेतून तिला युधिष्ठिराच्या पायांची बोटं दिसतात आणि त्याची नखं काळवंडतात. शंभर मुलगे गेलेल्या आईचा संताप तेवढ्या फटीतून बाहेर पडतो. मला ही कथा त्या लोकप्रिय कथेपेक्षा कितीतरी जास्त भिडते.

‘यतो धर्मस्ततो जयः’ हे कृष्णाचं वाक्य आहे ना?

महाभारतात ते अनेकांच्या तोंडी येतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या बोधचिन्हावरही ते आहे. सगळ्यांत अवघड जागी मात्र ते गांधारीने उच्चारलं. ‘आई, मला जय मिळो असं म्हण,’ हे मागायला आलेल्या दुर्योधनाला तिने हेच उत्तर दिलं होतं. ‘तू जिंकशील’ असं ती म्हणू शकली असती. पोटच्या मुलाला खोटा आशीर्वाद न देणारी ही बाई बलवान नव्हती असं कोण म्हणेल?

युद्धाचे नियम ठरले होते. ते आधी कोणी मोडले?

भीष्मपर्वाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंनी करार केला: रथी रथीशी, हत्तीवरचा हत्तीवरच्याशी, घोडेस्वार घोडेस्वाराशी, पायदळ पायदळाशी. पळणाऱ्याला, निःशस्त्राला, कवच गळालेल्याला मारायचं नाही. सारथी, जनावरं, शंख-नगारे वाजवणारे यांच्यावर वार नाही.

पुढचा क्रम असा. दहाव्या दिवशी शिखंडीला पुढे करून भीष्मांना पाडलं (पण तो उपाय भीष्मांनी स्वतःच सांगितला होता). तेराव्या दिवशी सहा महारथींनी मिळून अभिमन्यूला घेरलं, आणि द्रोणांच्या सल्ल्याने कर्णाने त्याचं धनुष्य तोडलं. चौदाव्या दिवशी सात्यकीचं डोकं उडवायला निघालेल्या भूरिश्रव्याचा हात अर्जुनाने दुसऱ्याशी लढता लढता तोडला, आणि प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नपाणी सोडून मरायला बसलेल्या त्या एकहाती माणसाला सात्यकीने मारलं. पंधराव्या दिवशी द्रोण, सतराव्या दिवशी कर्ण, अठराव्या दिवशी दुर्योधन. आणि शेवटी रात्री झोपलेल्या छावणीत शिरलेला अश्वत्थामा.

यादी करून ‘आधी त्यांनी, मग यांनी’ असा हिशेब मांडता येतो. पण त्या यादीचा उतार पाहा. नियमाच्या मोडतोडीला आधी निदान कारण सांगितलं जात होतं. शेवटी झोपेतल्या माणसांना मारलं गेलं, तिथे कारण उरलं ते फक्त सूडाचं.

‘नरो वा कुंजरो वा’ असं युधिष्ठिर खरंच म्हणाला का?

या शब्दांत नाही. मराठीत आपण हा वाक्प्रचार कोणतीच बाजू न घेणाऱ्यासाठी वापरतो. मुळात प्रसंग जास्त टोचणारा आहे. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारलेला. द्रोण विचारतात ते फक्त युधिष्ठिराला, कारण त्रैलोक्याच्या राज्यासाठीही हा खोटं बोलणार नाही अशी त्यांची खात्री. युधिष्ठिर ‘अश्वत्थामा मेला’ हे मोठ्याने म्हणतो, आणि ‘हत्ती’ हा शब्द अस्पष्ट, पुटपुटल्यासारखा. तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चाले. त्या क्षणी त्याच्या घोड्यांचे पाय जमिनीला टेकले.

द्रोणांना बाणांनी कोणी हरवू शकलं नव्हतं. त्यांना पाडलं ते त्यांच्या एका माणसावरच्या विश्वासाने. युधिष्ठिराचं चांगुलपण इथे हत्यार म्हणून वापरलं गेलं, आणि वापरताक्षणी बोथट झालं. याची परतफेड म्हणून शेवटी त्याला थोडा वेळ नरक पाहावा लागतो.

कर्णावर अन्याय झाला, मग तो धर्माच्या बाजूचा नाही का?

कर्णाबद्दल बोलताना आवाज चढतात, म्हणून दोन्ही प्रसंग शेजारी ठेवते.

चौदाव्या दिवशी भीमाचा रथ गेला, शस्त्रं संपली. तो मेलेल्या हत्तींच्या आडोशाला शिरला आणि हाताला लागेल ते, रथाची चाकं, हत्तींचे तुटलेले अवयव, कर्णावर फेकू लागला. कर्णाला त्याला मारणं सहज शक्य होतं. पण त्याने कुंतीला शब्द दिला होता: अर्जुनाखेरीज तुझ्या कोणत्याही मुलाला मारणार नाही. त्याने धनुष्याचं टोक भीमाच्या अंगाला टेकवलं, ‘खादाडा, जा, स्वयंपाकघरात जा’ अशा अर्थाचं हिणवलं, आणि सोडलं. नकुल, सहदेव, युधिष्ठिर यांनाही त्याने असंच जाऊ दिलं. ज्या आईने टाकून दिलं तिला दिलेल्या शब्दासाठी रणात आवरलेला हा हात आहे. महाभारतात इतकं मोठं आवरणं मला दुसरं सापडलेलं नाही.

आणि द्यूतसभेत दुःशासनाला द्रौपदीची वस्त्रं काढ म्हणणाराही हाच कर्ण आहे. रथाचं चाक रुतल्यावर त्याने धर्माची आठवण काढली, तेव्हा कृष्णाने नेमकी ती सभा काढली: तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता? ते ऐकून अर्जुनाचा राग उसळतो. कर्णाचा मोठेपणा मानायचा तर हा प्रश्नही मानावा लागतो.

द्रौपदीला सभेत ओढत आणलं तेव्हा भीष्म, द्रोण, पाच पांडव, इतके बलवान गप्प का बसले?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि बहुधा बायका विचारतात.

द्रौपदीने प्रश्न कायद्याचा विचारला होता: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? स्वतःवरच हक्क न उरलेला माणूस मला पणाला लावू शकतो का? भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे, मला उलगडत नाही. मग त्यांनी एक वाक्य उच्चारलं. जगात बलवान माणूस ज्याला धर्म समजतो, वेळ आली की इतर लोक त्यालाच धर्म म्हणतात. आपल्याकडे याला सरळ म्हण आहे: बळी तो कान पिळी. फरक इतकाच की हे त्या सभेतला सर्वांत बलवान माणूस बोलत होता. ज्याच्या एका शब्दाने तो प्रकार थांबू शकला असता, तो बळापुढे धर्माचं चालत नाही अशी तक्रार करत होता.

बोलला कोण? विदुर, ज्याच्या हाती शस्त्र नव्हतं. आणि विकर्ण, दुर्योधनाचा धाकटा भाऊ. त्याने उभं राहून सांगितलं की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. कर्णाने त्याला पोरकट ठरवून खाली बसवलं. भीम उसळला, पण दुर्योधनावर नाही, युधिष्ठिरावर: सहदेवा, विस्तव आण, याचे हात जाळतो. अर्जुनाने त्याला आवरलं.

पहिली जागा, हात उचलायची, ती इथे सगळ्यांनी मिळून चुकवली. पुढचे अठरा दिवस त्याचं व्याज आहेत. आणि शंभर भावांना मारायच्या प्रतिज्ञेपायी भीमाच्या हातून विकर्णही मारला गेला.

रामाने वालीला झाडाआडून मारलं. हे कसं समजून घ्यायचं?

रामाकडे ताकद नव्हती म्हणून नक्कीच नाही. त्याआधीच त्याने वालीने मारलेल्या दुंदुभी या असुराचा सांगाडा पायाच्या अंगठ्याने दहा योजनं उडवला होता आणि एका बाणाने सात साल वृक्ष भेदले होते.

वाल्मीकींनी मरणाऱ्या वालीला भरपूर बोलू दिलं आहे. समोर येऊन लढला असतास तर आज तूच मेला असतास. सीतेसाठी मला सांगितलं असतंस तर एका दिवसात आणून दिली असती. रामाची उत्तरं अशी: तू धाकट्या भावाची बायको रुमा बळकावलीस, मी सुग्रीवाला शब्द दिला आहे, भरताच्या राज्यात दंड देणं माझं काम आहे, आणि तू वानर आहेस, शिकार आडून करतात.

पहिली तीन उत्तरं मला समजतात. चौथं त्यांच्याशी जुळत नाही. तो पशू असेल तर भावाच्या बायकोबद्दल त्याला दोषी कसं धरायचं? वाली शेवटी रामाचं म्हणणं मान्य करतो आणि अंगदाला त्याच्या हवाली करतो. पण कवीने त्याचा आरोप पुसलेला नाही, आणि आपणही पुसू नये.

रावण एवढा बलवान आणि विद्वान, मग हरला कशाने?

दोन साक्षी ऐका. पहिली शत्रूची. बांधून दरबारात आणलेला हनुमान रावणाला पहिल्यांदा पाहतो आणि थक्क होतो: काय रूप, काय धैर्य, काय तेज! ‘यद्यधर्मो न बलवान्’, याच्यातला अधर्म इतका प्रबळ नसता तर हा इंद्रासकट देवलोकाचा रक्षक झाला असता.

दुसरी मंदोदरीची. रणांगणात पडलेल्या नवऱ्यापाशी ती म्हणते, पूर्वी तू इंद्रियं जिंकलीस आणि मग त्रिभुवन जिंकलंस. ते वैर जणू लक्षात ठेवून इंद्रियांनीच आज तुला जिंकलं. रामाचं नाव घेऊन रडण्यापेक्षा तिने हे पाहिलं, यात तिची नजर कळते.

रामाच्या बाजूने आवरलेला हातही इथे आहे. पहिल्या द्वंद्वात रावणाचं धनुष्य तुटलं, मुकुट उडाला, तेव्हा राम म्हणाला, दमला आहेस, लंकेत जा, विसावा घे, मग रथ घेऊन ये.

तालमीत मारुती का असतो, भीम का नाही?

मल्लविद्येच्या परंपरेत भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी अशा चार प्रकारच्या कुस्त्या सांगतात, म्हणजे भीमाची आठवण तिथेही आहे. तरी लाल मातीला हात लावून नमस्कार होतो तो मारुतीला. समर्थ रामदासांनी अकरा मारुती स्थापले त्यामागेही बळाची उपासना होती. मला वनपर्वातली गोष्ट आठवते. द्रौपदीसाठी सौगंधिक कमळं आणायला भीम झाडं मोडत, गर्जना करत निघतो. वाटेत एक म्हातारा वानर आडवा. हा हनुमानच. माझं शेपूट तेवढं बाजूला कर, वानर म्हणतो. भीम आधी डाव्या हाताने, मग दोन्ही हातांनी लावून पाहतो, घामाघूम होतो, शेपूट हलत नाही. आमच्याकडे हे ऐकून सगळ्यांत जास्त हसतात ते पैलवानच.

शेवटी या सगळ्यांच्या ताकदीचं काय झालं?

मौसलपर्वात कृष्ण गेल्यावर अर्जुन द्वारकेच्या बायका-मुलांना घेऊन निघतो. वाटेत आभीर लुटारू चाल करून येतात, हातात काठ्या. अर्जुनाला गांडीवाला दोरी चढवणं जड जातं. अस्त्रं आठवत नाहीत. कधी न संपणारे भाते रिते होतात, आणि तो धनुष्याच्या टोकाने लुटारूंना मारत राहतो. बायका त्याच्या डोळ्यांदेखत ओढून नेल्या जातात.

मग हिमालयाची वाट. एकेक जण पडत जातो. शेवटी भीम कोसळतो आणि हाक मारतो: राजा, बघ, मी पडलो, तुझा लाडका, मी का पडलो? युधिष्ठिर म्हणतो, तू अति खाल्लंस, आणि दुसऱ्याची पर्वा न करता स्वतःच्या ताकदीच्या बढाया मारल्यास. इतकं बोलून तो मागे न पाहता चालू लागतो. त्याच्यामागे हस्तिनापुरापासून आलेला कुत्रा तेवढा असतो.